विक्रांत, खुकरी, निलगिरी: जुन्या युद्धनौकेचं नाव नव्या नौकेला द्यावं का?

अनघा_भायखळा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारतेच.

२००४ ला सातवीत असताना आमच्या शाळेची सहल जुन्या विक्रांतवर गेली होती. तेव्हा ती डॉकयार्डात म्युझियम म्हणून उभी होती. मला आठवतं ते म्हणजे डेक इतका तापला होता की चपलेतून चटका लागत होता, आत गेल्यावर रंग आणि तेलाचा मिळून एक वास, आणि जिने इतके उभे की बाई खालून ओरडत होत्या "दोन्ही हातांनी धरा". एका नौसैनिकाने आम्हाला सांगितलं की ७१ च्या युद्धात हिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेला होता, तरी ही तीन बॉयलरवर बंगालच्या उपसागरात गेली आणि हिच्यावरची सीहॉक विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर जाऊन बॉम्ब टाकून आली. तीन बॉयलर ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्की बसलीय.

मग २०१४ ला ती भंगारात गेली. माझ्या मामाचं दारुखान्यात, म्हणजे मुंबईत जुनी जहाजं तोडतात त्या भागात, दुकान आहे, त्याने मला मुद्दाम नेऊन लांबून दाखवली, पुढचा भाग कापलेला होता आणि आतले मजले उघडे दिसत होते, एखादी इमारत अर्धी पाडल्यावर भिंतींचे रंग दिसतात ना तसे. मी तिथे रडले.

आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी विक्रांत नौदलात आली तेव्हा सगळीकडे एकच वाक्य, "विक्रांत परत आली". माझ्या भाच्याला विचारलं तर त्याला विक्रांत म्हणजे फक्त नवीच माहीत. मला आनंद झाला हे खरं, पण कुठेतरी वाटलं की माझी विक्रांत आता पुसली गेली. तुम्हाला काय वाटतं? जुन्या जहाजाचं नाव नव्याला देणं हा त्या जुन्याचा मान आहे की त्याच्यावर पांघरूण घालणं?

घाटावरचा

नाव दिलं नसतं तर "विसरले बघा विक्रांतला" असं आपणच म्हटलं असतं.

मंदार_पुणे

अनघा, छान लिहिलंयस. माझं मत सरळ आहे, मान आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तेव्हा आजोबा पुसले जातात का?

आणि विक्रांतच्या बाबतीत नौदलाने नुसतं नाव नाही दिलं. जुनीचा नंबर आर ११ होता, नवीचाही आर ११ च आहे. बोधवाक्य तेच, "जयेम सं युधि स्पृधः", ऋग्वेदातलं. जुन्या जहाजाची घंटासुद्धा नव्या जहाजाला दिली. जुनी विक्रांत मुळात ब्रिटिशांनी हर्क्युलिस नावाने बांधायला घेतली होती, दुसरं महायुद्ध संपलं आणि काम अर्धवट राहिलं, मग १९५७ ला आपण विकत घेतली, बेलफास्टला पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला ती नौदलात आली. म्हणजे पहिल्या विक्रांतचा सांगाडा परक्याचा होता आणि नाव आपलं. दुसरीचं नाव पण आपलं आणि सांगाडा पण आपला, कोचीत बांधलेला, २६२ मीटर लांब. मला तर यात एक चक्र पूर्ण झाल्यासारखं वाटतं.

सुमेधा_क

मंदार, नातवाचं उदाहरण दिलंत म्हणून सांगते. आमच्या घरी माझ्या भावाला आजोबांचं नाव ठेवलं, विष्णू. पण आजी नवऱ्याचं नाव कशी घेणार, आणि आई सासऱ्यांचं कशी घेणार? मग त्याला सगळे "भाऊ" म्हणायला लागले आणि आज तो पंचेचाळीस वर्षांचा आहे तरी बायकोमुलांसकट सगळे भाऊच म्हणतात. विष्णू हे नाव फक्त आधार कार्डावर.

तेव्हा नाव दिलं म्हणजे लगेच माणूस परत आला असं होत नाही, त्या नावाशी काही दिवस लोक अडखळतातच. अनघा तुझं तसं होतंय असं मला वाटतं.

नोंदवही

मी जरा वेगळं मांडतो, राग मानू नका.

मी जुन्या युद्धांबद्दल वाचतो, फोटो गोळा करतो, आणि या नावांच्या पुनरावृत्तीने अक्षरशः जीव जातो. एका दिवाळी अंकात ७१ च्या कराची हल्ल्यावर लेख होता, चांगला होता, आणि फोटो कुठला तर २००३ ला सेंट पीटर्सबर्गहून आलेल्या तलवारचा. ७१ ची तलवार ही वेगळी, ब्रिटिश बनावटीची जुनी फ्रिगेट. ८ डिसेंबरच्या रात्री विनाश क्षेपणास्त्र नौकेबरोबर त्रिशूल आणि ही तलवार कराचीला गेल्या होत्या. त्रिशूलचंही तेच, नवी त्रिशूलही २००३ चीच. विनाश नावाचीही पुढे दुसरी नौका झाली. म्हणजे त्या एका रात्रीच्या तिन्ही जहाजांची नावं नंतर दुसऱ्या जहाजांना मिळाली. दहा वर्षांनी कोण कुठली हे सांगणारं घरात कोणी उरणार नाही.

वर विक्रांतला नंबरही तोच. भावना समजते, पण नोंद ठेवणाऱ्याच्या दृष्टीने हे अवघड आहे. इतक्या मोठ्या देशात नावांचा तुटवडा आहे का?

कुलाब्याचा_नाखवा

मला आधी एक सांगा, विक्रांत "आली" की "आला"? आमचे आजोबा गोदीत होते, ते कायम "विक्रांत आला" म्हणायचे. आजी म्हणायची बोट आहे, आली म्हणा. साठ वर्षं संसार झाला पण हा वाद मिटला नाही.

घाटावरचा

नौका ती, जहाज ते, विक्रांत तो. तिघंही बरोबर आहेत, आजोबांना सांगा.

कुलाब्याचा_नाखवा

आजोबा नाहीत आता. पण आजीला सांगतो, खूश होईल.

सेलर_सातारा

मी सहसा फक्त वाचतो, आज लिहितो. मी १९९६ ते ९९ खुकरीवर होतो. दुसऱ्या खुकरीवर. इंजिनरूमचा माणूस.

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा घरी पत्र टाकलं, पत्ता दिला, आयएनएस खुकरी, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. आठ दिवसांनी वडिलांचं उलट पत्र, आई जेवत नाही. का तर ७१ ला आमच्या गावात रेडिओवर बातमी ऐकलेली, खुकरी बुडाली. आईच्या डोक्यात खुकरी म्हणजे बुडालेलं जहाज आणि आपल्या पोराला त्याच्यावर पाठवतायत. मी रजेवर गेलो तेव्हा तिला समजावलं की आई ही नवीन आहे, मुंबईत माझगाव डॉकला बांधलेली, मी रोज तिच्या पोटात काम करतो. ती म्हणाली, "मग नाव का तेच ठेवलं?" मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिली खुकरी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या जवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं. त्यांना महावीर चक्र. दुसरी खुकरी २३ ऑगस्ट १९८९ ला नौदलात आली तेव्हा मुल्ला साहेबांच्या पत्नी सुधा मुल्ला समारंभाला होत्या.

आमच्या जहाजावर नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात कोणीतरी त्याला मेसमध्ये बसवून जुन्या खुकरीची गोष्ट सांगायचाच. सांगा असं कोणी बजावलेलं नव्हतं. मलाही एका बंगाली सिनियरने सांगितली. नंतर मी दोघांना सांगितली.

एकदा आम्ही दीवच्या बाजूने चाललो होतो, मी खाली वॉचवर. वरून हुकूम आला, वेग कमी. इंजिनाचा आवाज उतरला. इंजिनरूममध्ये आपण ओरडून बोलतो, सवयच असते, पण त्या दिवशी आवाज उतरला आणि आम्ही सगळे गप्प झालो. वर डेकवर फॉल इन होऊन पुष्पचक्र समुद्रात सोडत होते. आम्हाला काही दिसत नव्हतं, खाली फक्त गेज आणि पाइप. पण आपण त्यांच्या वरून चाललोय आणि आपल्या जहाजाचं नाव तेच आहे, हे अंगावर आलं. दुसऱ्या कुठल्या नावाच्या जहाजावर असतो तर पुष्पचक्र सोडलंच असतं, पण ते असं लागलं नसतं.

आईला आज उत्तर देता आलं असतं. ती नाही.

सुमेधा_क

काका, काय लिहू कळत नाहीये. नमस्कार घ्या.

अनघा_भायखळा

काका, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आणि ती दुसरी खुकरी आता कुठे आहे?

सेलर_सातारा

अनघाताई, २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली. सूर्य मावळताना ध्वज शेवटचा उतरवतात, सगळे सॅल्यूटमध्ये उभे. मी तिथे नव्हतो, व्हिडिओ पाहिला. ३२ वर्षांत ६ लाख ४४ हजार सागरी मैलांच्या वर फिरली. आता दीवला आहे, म्युझियम म्हणून. २०२२ च्या २६ जानेवारीला दीव प्रशासनाकडे दिली. म्हणजे पहिली जिथे बुडाली त्याच समुद्राच्या काठावर दुसरी उभी आहे. जवळच पहिलीचं स्मारकही आहे, काचेत तिची प्रतिकृती ठेवलीय.

मंदार_पुणे

हे मला माहीत नव्हतं. दोघी शेजारी आल्या म्हणायच्या.

थळकर

आमच्याकडचं सांगतो. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी रोज दिसते, खांदेरी आणि बाजूला उंदेरी. महाराजांनी १६७९ ला खांदेरीवर बांधकाम काढलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचे डोळेच पांढरे झाले, त्यांनी जहाजं आणून अडवायचा प्रयत्न केला, मायनाक भंडारी आणि दौलतखानाने त्यांना पुरून उरत किल्ला उभा केला. शेजारची उंदेरी सिद्दीने धरली. आमचे कोळी बांधव अजून बेटावर वेताळाला जातात, तिथे एक दगड आहे त्याच्यावर दुसरा दगड मारला की भांड्यासारखा वाजतो. लहानपणी आम्ही तो वाजवायलाच जायचो.

आता गंमत बघा. पहिली खांदेरी पाणबुडी १९६८ ची, रशियन, १९८९ ला निवृत्त झाली. पुढे १९९८ ला सरकारने बेटालाच कान्होजी आंग्रे बेट असं नाव दिलं. आणि २०१९ ला परत पाणबुडी आली ती खांदेरीच, मुंबईत बांधलेली. म्हणजे बेटाच्या कागदावर नाव बदललं, पण समुद्राखालच्या बोटीने जुनं नाव धरून ठेवलं. आता गेल्या वर्षी म्हणजे २०२५ ला युनेस्कोच्या यादीत किल्ला आला तोही खांदेरी म्हणूनच.

नोंदवही साहेब, तुम्ही म्हणता नावं कमी आहेत का. नाहीत. पण खांदेरी हे नाव दिल्ली-कोचीच्या पोरांच्या तोंडी कशामुळे आलं? पाणबुडीमुळेच. आमच्या गावात कुणाला ते नाव परत वापरल्याचं वाईट वाटलं नाही, उलट २०१९ ला बंदरावर पेढे वाटले.

नोंदवही

थळकर, हे मान्य. जागेच्या नावाचं वेगळं आहे, जागा तिथेच असते, जहाज कितीही बदला. माझा आक्षेप जहाजाच्या स्वतःच्या कर्तृत्वाबद्दल आहे. खुकरी हे हत्यार, विक्रांत हे विशेषण, त्या शब्दाला जे वजन आलं ते त्या एका जहाजामुळे आलं. ते वजन दुसऱ्याला फुकट मिळतं.

सेलर_सातारा

फुकट नाही मिळत साहेब. ते पेलावं लागतं. जहाजावर चढायच्या जिन्यापाशी, गँगवेला, लाइफबॉय असतो, त्याच्यावर जहाजाचं नाव असतं. आमच्या जहाजावर कुणी कामचुकारपणा केला की सिनियर लोक एवढंच म्हणायचे, "गँगवेच्या लाइफबॉयवर काय लिहिलंय वाच." बस.

नोंदवही

हे वाक्य मी लिहून ठेवतो. एवढ्यापुरता माझा शब्द मागे.

व्हर्जिनियातली_मृदुला

मी नॉरफोकजवळ राहते, पलीकडे न्यूपोर्ट न्यूजचा शिपयार्ड आहे, तिथे सध्या नवी एंटरप्राइझ विमानवाहू बांधतायत. अमेरिकन नौदलात एंटरप्राइझ नाव कितीतरी वेळा येऊन गेलंय. दुसऱ्या महायुद्धातली एक, जपानविरुद्धच्या जवळजवळ सगळ्या मोठ्या लढायांत होती, लोकांनी वाचवायचा प्रयत्न केला पण शेवटी भंगारात गेली. मग १९६१ ची, पहिली अणुऊर्जेवर चालणारी विमानवाहू. आपली विक्रांतही १९६१ चीच ना?

२०१२ ला त्या एंटरप्राइझचा सेवा संपल्याचा समारंभ झाला, त्याच समारंभात जाहीर केलं की पुढच्या एका विमानवाहूचं नाव एंटरप्राइझ असेल. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले एक जुने नौसैनिक तिथे होते, ते म्हणाले की तोवर सगळे मान खाली घालून बसलेले आणि नाव ऐकल्यावर एकदम आरडाओरडा, टाळ्या.

आणि मला अनघाला हे सांगायचंय की नव्या एंटरप्राइझमध्ये जुन्या एंटरप्राइझचं पोलाद वितळवून घातलंय. त्यांनी मुद्दाम काढून ठेवलं होतं. आपल्या विक्रांतचं पोलाद कुठे गेलं?

घाटावरचा

मोटरसायकलमध्ये. २०१६ ला बजाजने व्ही १५ काढली होती, टाकीत विक्रांतचं पोलाद आहे म्हणून. माझ्या चुलत भावाने त्यासाठीच घेतली. अजून चालवतो आणि दर २६ जानेवारीला टाकी पुसून हार घालतो. गावात त्याच्या गाडीला विक्रांतच म्हणतात.

कुलाब्याचा_नाखवा

म्हणजे नाव तिसरीकडेपण लागलं!

मंदार_पुणे

आणि मुंबईत स्मारकही आहे, डॉकयार्डाच्या बाहेर रस्त्यावरच्या चौकात, विक्रांतच्याच धातूतून केलेलं, जानेवारी २०१६ ला उघडलं. फोर्टात गेलात की बघा, बसमधून चटकन निघून जातं.

डॉकचा_पोरगा

इथे निलगिरीचं नाव शीर्षकात आहे म्हणून लिहितो, कारण निलगिरी आमच्या घरातली आहे.

माझे वडील माझगाव डॉकमध्ये फिटर होते. आपल्या देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका म्हणजे निलगिरी. २३ ऑक्टोबर १९६८ ला इंदिराजींच्या हस्ते पाण्यात सोडली, ३ जून १९७२ ला नौदलात आली. डिझाइन ब्रिटिशांचं, लिअँडर म्हणायचे, पण हात आपले. वडील तेव्हा चोवीस वर्षांचे. ते सांगतात की ड्रॉइंग फूट-इंचात यायची आणि त्यांच्याबरोबरच्या अर्ध्या लोकांनी आयुष्यात युद्धनौका आतून पाहिलेली नव्हती, मालवाहू बोटींची दुरुस्ती एवढाच अनुभव. एक पाइप चार वेळा काढून परत बसवला कारण बाजूची केबल आधी टाकायला हवी होती हे नंतर कळलं. सुपरवायझर खडूने प्लेटवर खूण करायचा, काम चुकलं की फुली आणि बरोबर झालं की गोल. वडिलांच्या हातावर अजून एक भाजल्याचा डाग आहे, त्याला ते "निलगिरीचा" म्हणतात.

ती १९९६ ला निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी क्षेपणास्त्राच्या चाचणीत लक्ष्य म्हणून वापरून बुडवली. ही बातमी वडिलांना कुणी सांगितली माहीत नाही, पण त्या दिवशी ते घरी येऊन न बोलता बसले. आई म्हणाली "लोखंडच होतं ना". ते म्हणाले, "लोखंड होतं ते आम्ही हात लावायच्या आधी."

नवी निलगिरी १५ जानेवारी २०२५ ला नौदलात आली, त्याच डॉकमध्ये बांधलेली. जुनी ११३ मीटर होती, नवी १४९ मीटर. वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. टीव्हीवर दाखवत होते तर खुर्ची ओढून पुढे बसले. मी म्हटलं बाबा, निलगिरी. बराच वेळ बघून म्हणाले, "उंच झाली." मग म्हणाले आता तुकडे आधी तयार करून जोडतात, आमच्यासारखं एकेक प्लेट लावत नाहीत. आणि मग नातवाला बोलावून सांगायला लागले, ही माझी निलगिरी. नातू म्हणाला आजोबा ही नवीन आहे. तर म्हणाले, "नवीन आहे पण माझगावची आहे आणि निलगिरी आहे, मग माझीच ना."

अनघा, पुसली गेली का याचं उत्तर माझ्या वडिलांच्या बाबतीत नाही असं आहे. नाव दुसरं असतं तर त्यांनी खुर्ची पुढे ओढली नसती.

सुमेधा_क

"लोखंड होतं ते आम्ही हात लावायच्या आधी." बाबांना माझा नमस्कार सांगा प्लीज.

वसईवाला

जुन्या निलगिरीच्या बहिणींची, म्हणजे तिच्याच वर्गातल्या नौकांची, नावंपण परत आलीत. हिमगिरी, उदयगिरी, तारागिरी, दुनागिरी, विंध्यगिरी. सातवी महेंद्रगिरी, ते नाव मात्र जुन्या सहांत नव्हतं. यातली जुनी विंध्यगिरी २०११ ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एका मालवाहू जहाजाशी धडकली, आग लागली आणि बुडाली. तरी नाव सोडलं नाही.

आणि आमची अर्नाळा! विरारच्या समोरचा तो किल्ला. पहिली अर्नाळा १९७२ ते १९९९ होती, दुसरी १८ जून २०२५ ला आली. तिच्या मागोमाग अँड्रोथ. पण जुन्या अर्नाळाच्या वर्गात एक अंदमान होती, १९९० ला बंगालच्या उपसागरात बुडाली, ते नाव नव्या अर्नाळाच्या वर्गातल्या आठ नौकांत नाही. मला ते खटकतं. खुकरीचं नाव परत येतं तर अंदमानचं का नको?

नोंदवही

वसईवाला, चांगला मुद्दा. नावं ठरवायला संरक्षण मंत्रालयात एक नामकरण समिती असते आणि साधारण पद्धत अशी की विनाशिकांना शहरांची नावं, फ्रिगेटना डोंगर, नद्या किंवा हत्यारं, पाणबुड्यांना शिकारी माशांची. त्यातल्या त्यात जुनं मोठं नाव आधी घेतात.

आणि मी वर जे म्हटलं ते पूर्ण मागे घेत नाही. माझं म्हणणं एवढंच की लिहिताना सांभाळा. "पहिली खुकरी, दुसरी खुकरी" असं इथे सेलरकाकांनी लिहिलं तसं प्रत्येकाने लिहावं. राजघराण्यात नाही का, थोरले माधवराव, सवाई माधवराव. लोक गोंधळतात का? नाही, कारण पुढे थोरले-सवाई लावलंय.

घाटावरचा

थोरली विक्रांत आणि सवाई विक्रांत! हे जमलं.

गोंयकार

आमच्या बाजूचंही एक टाकतो. १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी मुरगाव बंदरात पोर्तुगीजांचं अफोंसो द अल्बुकर्क हे जहाज होतं, त्याच्यावर आपल्या बेतवा आणि बियासने मारा केला. माझे आजोबा वास्कोला होते, त्यांनी घराच्या माडीवरून धूर पाहिला, पण जहाजाचं नाव त्यांना कितीतरी वर्षांनी कळलं. तिकडे दीवला जुनी दिल्ली क्रूझर होती, जी आधी न्यूझीलंडकडे अकिलीस म्हणून होती आणि १९३९ ला जर्मन ग्राफ श्पेशी लढली होती. आता बेतवा, बियास, दिल्ली तिन्ही नावांची नवीन जहाजं आहेत.

आणि अंजदीव बेटावर त्रिशूल आणि म्हैसूरवरून उतरलेले आपले सात नौसैनिक गेले. नव्या अर्नाळाच्या वर्गातल्या एकीचं नाव अंजदीप आहे. माझ्या मते ते नाव त्या सातजणांसाठी आहे, समितीने काय विचार केला असेल तो असो.

मंदार_पुणे

नोंदवही, तुम्ही वर तलवारचं लिहिलंत, त्याच्याही आधी एक तलवार आहे. कुलाब्याला सिग्नल स्कूल होतं, एचएमआयएस तलवार, जमिनीवरचं. १८ फेब्रुवारी १९४६ चा नाविकांचा उठाव तिथेच पेटला. म्हणजे तलवारच्या तीन पिढ्या, त्यातली पहिली कधी समुद्रात गेलीच नाही.

नोंदवही

हो, हे मी लिहायला हवं होतं.

थळकर

अजून एक राहिलं. करंज पाणबुडी. नवी करंज १० मार्च २०२१ ला आली, तेव्हा प्रमुख पाहुणे निवृत्त ॲडमिरल शेखावत होते. ७१ च्या युद्धात जुन्या करंजचे कॅप्टन तेच होते. पन्नास वर्षांनी आपल्या बोटीच्या नावाच्या दुसऱ्या बोटीवर ते उभे राहिले. मला तो फोटो फार आवडतो.

अनघा_भायखळा

सगळ्यांचं वाचलं, काहींचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

मी मूळ प्रश्न चुकीचा विचारला होता असं आता वाटतंय. माझी विक्रांत पुसली गेली ती नाव दुसऱ्याला दिल्यामुळे नाही, ती गेली कारण मी भाच्याला तीन बॉयलरची गोष्ट सांगितलीच नव्हती. सेलरकाकांच्या जहाजावर तो बंगाली सिनियर होता, डॉकच्या पोराच्या घरी आजोबा आहेत. आमच्या घरात ते काम माझं होतं आणि मी नुसती हळहळत बसले.

काल रविवारी त्याला घेऊन स्मारकावर गेले. दहा वर्षांचा आहे. चौकात गाड्यांच्या मध्ये उभं राहून सगळं सांगितलं, हर्क्युलिस, बेलफास्ट, बॉयलर, सहल, दारुखाना. त्याने त्या धातूला हात लावून बघितला आणि विचारलं, "मावशी, म्हणजे नवी विक्रांत हिची मुलगी का?" मी म्हटलं नात म्हण, मध्ये पंचवीस वर्षं कोणी नव्हतं.

सेलरकाका, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दीवला जायचं ठरवतोय. तुम्ही तुमच्या खुकरीवर नेमके कुठे काम करायचात ते लिहून द्याल का, त्याला ती जागा दाखवायची आहे.

सेलर_सातारा

ताई, लिहून कशाला, मीच येतो. सौ. कधीपासून मागे लागलीय खुकरी दाखवा म्हणून. तारीख कळवा. इंजिनरूमपर्यंत जाऊ देतात की नाही ते बघावं लागेल, जाऊ दिलं तर त्याला जिना उलट्या तोंडाने उतरायला शिकवतो, बाईंना ओरडावं लागणार नाही.